श्वासाचें बळ आणि सुयांचें शास्त्र

अलीकडे आमच्या वऱ्हाडांत, विशेषतः अमरावती व अकोला या दोन शहरांतील शिकलेल्या कुटुंबांत, एक समजूत हळूहळू रूढ होत चालली आहे. तिचा परामर्श कोणी तरी घेणें अवश्य होतें, म्हणून तें काम आम्हीं अंगावर घेतलें आहे. मोठ्या दुखण्यांत अतिदक्षता विभागांत आठ-पंधरा दिवस काढून, व्हेंटिलेटरच्या नळीवर जगून, जो मनुष्य घरीं येतो त्याचा श्वास पुष्कळ दिवस दुबळा राहतो. चार पावलें चाललें कीं धाप लागते, जिना चढवत नाहीं, एक वाक्य पुरें करतांना मध्यें दोनदां थांबावें लागतें. हा दुबळेपणा अंगांत सुया टोचून घेतल्यानें जातो, अशी ती समजूत आहे. या टोचण्याचे दोन संप्रदाय आहेत. एक चीनमधून आलेला ॲक्युपंक्चरचा. दुसरा अलीकडचा, स्नायूंतील दुखऱ्या गांठी शोधून त्यांत सुई घालणारा, ज्याला ड्राय नीडलिंग म्हणतात. दोघांची उपपत्ति निराळी आहे, पण आमच्या प्रस्तुत विषयापुरतें दोघांचें सांगणें एकच आहे. म्हणून या लेखांत दोघांसहि मिळून आम्ही सूचिवेध म्हणूं.

ही समजूत अडाणी लोकांची असती तर तिच्यावर एवढें लिहिण्याचें प्रयोजन नव्हतें. परंतु तिला उचलून धरणारे लोक वकील आहेत, प्राध्यापक आहेत, बँकांतले अधिकारी आहेत. त्यांच्या शब्दाला शेजारपाजारीं मान असतो, आणि त्यांनीं केलेला उपाय चार घरीं अनुकरिला जातो. म्हणून आमचें म्हणणें आरंभींच उघड सांगून टाकतों. श्वासाचे स्नायू काम न केल्यानें दुबळे होतात व काम केल्यानेंच पुन्हां सबळ होतात. सुई त्यांजकडून तें काम करवूं शकत नाहीं. आणि दुखण्यानंतरचे जे पहिले आठवडे सुयांच्या मागें जातात ते रोग्याला पुन्हां मिळत नाहींत.

प्रथम हा दुबळेपणा म्हणजे काय तें पाहूं. श्वास फुप्फुसें घेतात असा सामान्य समज आहे, पण तो अर्धाच खरा आहे. लोहाराचा भाता सर्वांनीं पाहिलेला असतो. फुप्फुसें हें त्या भात्याचें कातडें होय. तें आपण होऊन हलत नाहीं, भाता ओढणारा हात निराळा असतो. तो हात म्हणजे मुख्यत्वें श्वासपटल. छाती आणि पोट यांच्या मधोमध घुमटासारखा पसरलेला हा पातळ स्नायू मिनिटाला बारा ते वीस वेळां खालीं ओढला जातो आणि त्याबरोबर हवा आंत शिरते. त्याला बरगड्यांमधल्या व मानेच्या स्नायूंची मदत असते. हृदय सोडलें तर जन्मापासून मरणापर्यंत इतकें अखंड काम करणारा दुसरा स्नायू शरीरांत नाहीं. आणि म्हणूनच रिकामें बसण्याची त्याला मुळींच संवय नाहीं.

व्हेंटिलेटर हा जीवदाता आहे याविषयीं वाद नाहीं. पण तो बाहेरून हवा ढकलतो, आणि तो ढकलीत असतां श्वासपटलाला काम उरत नाहीं. याचा परिणाम किती लवकर होतो हें २००८ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका शोधांत दिसून आलें. मेंदू मृत झालेले व अवयवदानासाठीं यंत्रावर ठेवलेले चौदा देह तपासले असतां, १८ ते ६९ तासांच्या विश्रांतींत त्यांच्या श्वासपटलाचे तंतू निम्म्याहून अधिक बारीक झालेले आढळले: एका जातीचे ५७ टक्क्यांनीं, दुसऱ्या जातीचे ५३ टक्क्यांनीं. ही तीन दिवसांच्या आंतली गोष्ट आहे. पंधरा दिवसांचें काय होत असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. याखेरीज रक्तांत पसरलेल्या विषारानें मज्जातंतूहि दुखावतात. कॅनडांतील बोल्टन या वैद्यानें १९८४ सालीं ही गोष्ट प्रथम स्पष्ट मांडली. फ्रान्समध्यें २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, सात दिवस वा अधिक काळ यंत्रावर राहून शुद्धीवर आलेल्या रोग्यांपैकीं चौघांत एकाच्या हातापायांत उघड अशक्तपणा सांपडला. असा अशक्तपणा जेथें असतो तेथें श्वासाचे स्नायूहि बहुधा सुटत नाहींत.

वऱ्हाडाला हा विषय परका नाहीं. २०२१ सालीं कोरोनाची दुसरी लाट महाराष्ट्रांत ज्या ठिकाणीं अगदीं आरंभीं उसळली त्यांत अमरावती व अकोला हीं शहरें होतीं. २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूर येथें टाळेबंदी करावी लागली. त्या वर्षीं कित्येक घरांतलीं माणसें नळीवरून परत आलीं आणि महिनोन्‌महिने धापा टाकीत राहिलीं. पण कोरोना ओसरला तरी कारणें ओसरलेलीं नाहींत. कपाशीच्या या मुलखांत फवारणीचें विष आहे. २०१७ च्या पावसाळ्यांत एकट्या यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन सुमारें वीस शेतकरी व शेतमजूर दगावले, आणि त्याच हंगामांत शेंकडोंना दवाखान्यांत न्यावें लागलें. या जातीच्या कांहीं विषांचा असा धर्म आहे कीं, पहिला झटका ओसरल्यावर एक ते चार दिवसांनीं मानेचे व श्वासाचे स्नायू एकाएकीं गळून जातात. श्रीलंकेंतील वैद्यांनीं १९८७ सालीं या अवस्थेचें वर्णन करून ठेवलें आहे. रात्रीं घोंगडीवर निजलेल्या मजुराला मण्यार चावली तरी तोच प्रकार. हीं सर्व माणसें यंत्रावर जातात, आणि जीं वांचतात तीं दुबळा श्वास घेऊन घरीं येतात. तेव्हां त्यांना पुढें कोणता मार्ग दाखवावयाचा हा प्रश्न आमच्याकडे खेड्यापाड्यांचा आणि घरोघरचा आहे.

आतां सूचिवेधाच्या कैवाऱ्यांचीं प्रमाणें एकेक घेऊं. पहिलें प्रमाण प्राचीनत्वाचें. दोन हजार वर्षें चाललेली विद्या खोटी कशी असेल, असें विचारण्यांत येतें. एखादी गोष्ट जुनी आहे एवढ्यानें ती खरी ठरत नाहीं, हें उत्तर सर्वांना ठाऊक आहे. जळवा लावून रक्त काढण्याची चालहि युरोपांत दीर्घकाळ होती. खुद्द चीनच्या बादशहानें १८२२ सालीं राजवैद्यकाच्या पाठशाळेंतून सूचिवेध हा विषय काढून टाकला होता, ही गोष्टहि येथें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पण प्रस्तुत विषयांत याहून बळकट उत्तर आहे. ज्या दुखण्याविषयीं आम्ही बोलत आहों तें दुखणेंच प्राचीन नाहीं. १९५२ सालीं कोपनहेगन शहरांत पोलिओची सांथ आली, श्वास बंद पडूं लागलेलीं मुलें पटापट मरूं लागलीं, तेव्हां इब्सेन नांवाच्या भूलतज्ज्ञानें गळ्याला छिद्र करून त्यांतून नळी घातली, आणि सुमारें दीड हजार विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें रात्रंदिवस हातानें रबरी पिशव्या दाबून त्या मुलांना जगविलें. तेथून अतिदक्षता विभागाचा जन्म झाला. त्यापूर्वीं इतक्या गंभीर दुखण्यांतील रोगी बहुधा जगतच नसे. मग जगल्यानंतरचा दुबळेपणा कोणीं पाहिला असणार? जो रोग प्राचीन ऋषींनीं वा चिनी पंडितांनीं पाहिला नाहीं, त्याचें मर्मस्थान त्यांच्या ग्रंथांत लिहून ठेवलें आहे असें म्हणणें हा त्या पंडितांवरहि अन्याय आहे.

दुसरें प्रमाण थोर नांवांचें. आमच्या महाराष्ट्रांत या विद्येची गोष्ट निघाली कीं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचें नांव हटकून घेतलें जातें. लुधियान्यांत तर त्यांच्या नांवानें सूचिवेधाचें इस्पितळ आहे. सोलापूरच्या या तरुणाविषयीं आम्हांला नितांत आदर आहे. १९३८ सालीं काँग्रेसनें चीनला जें पांच डॉक्टरांचें पथक धाडलें त्यांत ते होते, आणि त्यांत नागपूरचे डॉ. चोळकरहि होते, याचा विदर्भाला अभिमान वाटणें साहजिक आहे. परंतु कोटणीस तेथें गेले ते शस्त्रवैद्य म्हणून. रणांगणाशेजारीं जखमी शिपायांवर शस्त्रक्रिया करीत १९४२ सालीं त्यांनीं देह ठेवला. सूचिवेध हिंदुस्थानांत आणला तो त्याच पथकांतील डॉ. विजयकुमार बसूंनीं, १९५८ सालीं पुन्हां चीनला जाऊन ते ही विद्या शिकले व परत येऊन कलकत्त्यांत ती देऊं लागले. चाकूनें माणसें वांचविणाऱ्याचें पुण्य सुईच्या खातीं जमा करणें कोणत्या हिशेबांत बसतें?

पश्चिमेकडची कथाहि अशीच. १९७१ सालीं रेस्टन नांवाच्या अमेरिकन वार्ताहराचें पेकिंगमध्यें आंत्रपुच्छाचें ऑपरेशन झालें आणि तेथून सुयांची कीर्ति जगभर पसरली. पण ऑपरेशन नेहमींच्याच औषधी भुलीखालीं झालें होतें. सुया टोचल्या त्या नंतर, पोट फुगून दुखूं लागलें तेव्हां. लोकांच्या तोंडीं मात्र गोष्ट राहिली ती सुयांवर पोट कापल्याची.

तिसरें प्रमाण अनुभवाचें, आणि सामान्य मनुष्यावर सर्वांत अधिक परिणाम करणारें तेंच. 'आमच्या काकांना गुण आला' असें कोणीं सांगितलें म्हणजे पुढें बोलणें खुंटतें. काकांना गुण आला हें आम्ही नाकारीत नाहीं. आमचा प्रश्न एवढाच कीं तो कशानें आला? नळी निघाल्यावर मनुष्य उठून बसूं लागतो, अंगणांत जातो, जेवण वाढतें, झोंप येते. आणि यांतल्या प्रत्येक गोष्टीबरोबर त्याचें श्वासपटल पूर्वीपेक्षां अधिक काम करूं लागतें. पुष्कळ रोगी या रीतीनें कांहीं आठवड्यांत वा महिन्यांत आपोआप सुधारतात. त्याच आठवड्यांत सुयांच्या दहा-बारा बैठका झाल्या असतील तर श्रेय सुयांना जातें. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गांठ पडावी, तशांतला हा प्रकार. शिवाय सुयांसाठीं रोग्याला घरांतून उठून, जिना उतरून, रिक्षांत बसून जावें लागतें. त्या जाण्यायेण्यानें जो लाभ झाला असेल तो टोचण्याच्या नांवावर मांडला जातो, हेंहि विसरूं नये. आणि ज्यांना गुण आला नाहीं त्यांच्या काकांची गोष्ट कोणी सांगत बसत नाहीं.

म्हणून अनुभवाची परीक्षा करण्याची एक रीत शास्त्रज्ञांनीं काढली आहे. रोग्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावयाचे; एकाला खरी सुई, दुसऱ्याला नुसता सुईचा भास; आणि दोघांचें काय होतें तें पाहावयाचें. जर्मनींत २००७ सालीं कंबरदुखीच्या ११६२ रोग्यांवर असा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. ग्रंथोक्त ठिकाणीं सुया टोचलेल्यांपैकीं ४७.६ टक्क्यांना आराम पडला. भलत्याच ठिकाणीं वरवर टोचलेल्यांपैकीं ४४.२ टक्क्यांना, आणि नेहमींचे उपचार घेणाऱ्यांपैकीं २७.४ टक्क्यांना. याचा अर्थ सूचिवेधाचे कैवारी एका रीतीनें लावतात आणि आम्ही दुसऱ्या. टोचल्यानें बरें वाटतें हें खरें. पण कोठें टोचलें यानें फारसा फरक पडत नसेल, तर मर्मस्थानांचे ते सगळे नकाशे कशासाठीं?

श्वासासंबंधींहि एक पुरावा आहे व तो आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. जपानांत २०१२ सालीं फुप्फुसांच्या जुनाट विकाराच्या ६८ रोग्यांवर बारा आठवडे प्रयोग झाला आणि खऱ्या सुया घेतलेल्यांना चालतांना लागणारी धाप कमी जाणवली. हा प्रयोग चांगला होता. परंतु त्याचे रोगी निराळे होते, त्यांचा रोग वर्षानुवर्षांचा होता, आणि यंत्रामुळें क्षीण झालेल्या श्वासपटलाचा तेथें प्रश्नच नव्हता. चीनमधून अतिदक्षता विभागांतील रोग्यांवर, सुईंतून सौम्य वीज सोडून केलेले लहान प्रयोग प्रसिद्ध होत असतात. पण चीनमधील प्रयोगांविषयीं १९९८ सालींच एका इंग्रज संशोधकानें दाखवून दिलें आहे कीं, त्यानें तपासलेल्या तेथल्या सूचिवेधाच्या प्रयोगांत प्रतिकूल निष्कर्ष एकहि नव्हता. ज्या परीक्षेंत कोणीच नापास होत नाहीं तिच्या प्रमाणपत्राची किंमत आमच्यासारख्या शिक्षकाला कोणी सांगावयास नको.

कोणी म्हणेल कीं, विजेनें स्नायू आकुंचन पावतो, म्हणजे काम झालेंच. यावर आमचें उत्तर असें कीं, ज्या स्नायूंत वीज जाईल तो आकुंचन पावेल. गुडघ्याखालीं सोडलेल्या विजेनें पोटरी हालेल. तिनें श्वासपटल कसें खालीं ओढलें जाणार? श्वासपटलाच्या मज्जातंतूलाच चेतना देण्याचीं साधनें शस्त्रवैद्यांनीं निराळीं शोधलीं आहेत. पायावरच्या सुईनें त्यांची बरोबरी सांगूं नये. दुखणें रेड्याला आणि डाग पखालीला, अशी जी आपल्याकडे म्हण आहे ती येथें अक्षरशः लागू पडते.

चौथें प्रमाण राजमान्यतेचें. महाराष्ट्रानें २०१५ सालीं सूचिवेध चिकित्सेचा कायदा केला, केंद्र सरकारनें २०१९ सालीं या पद्धतीला स्वतंत्र मान्यता दिली. मग शंका कसली? परंतु असा कायदा काय करतो? कोणीं धंदा करावा, कोणीं करूं नये, शिक्षण किती असावें, नोंदणी कोठें व्हावी, हें तो ठरवितो. आणि तें चांगलेंच आहे, कारण नोंदणी नसलेल्या हातांतली सुई अधिक भयंकर. पण अमुक रोगावर अमुक उपाय चालतो कीं नाहीं, हें विधिमंडळांत हात वर करून ठरत नसतें. सरकार सावकारालाहि परवाना देतें. म्हणून त्याचें कर्ज घेणें हिताचें ठरतें काय?

पांचवें आणि शेवटलें प्रमाण असें कीं, गुण नाहीं आला तरी अपाय तर नाहीं. येथें मात्र आम्हांला स्पष्ट बोलणें भाग आहे. निरोगी मनुष्याच्या हातापायांत जाणत्यानें स्वच्छ सुई टोचली तर धोका फार थोडा. जर्मनींत सवादोन लाखांहून अधिक रोग्यांची जी पाहणी २००९ सालीं प्रसिद्ध झाली, तींत फुप्फुसाला छिद्र पडल्याचीं दोनच उदाहरणें आढळलीं. पण या धोक्याचा विचार रोगी पाहून केला पाहिजे. श्वासाचे स्नायू सबळ करावयाचे म्हटल्यावर सुई मानेच्या बुंध्याशीं, खांद्यावर, बरगड्यांच्या मध्यें जाते. दुखण्यानें वाळलेल्या मनुष्याच्या छातीवर मांस किती उरलेलें असतें? कातडी आणि फुप्फुसाचें आवरण यांमध्यें कित्येकदां बोटाच्या पेराएवढेंहि अंतर नसतें. तें आवरण भेदलें तर छातीच्या पोकळींत हवा शिरते व फुप्फुस मिटतें. धडधाकट मनुष्य एका फुप्फुसावर इस्पितळापर्यंत पोंचेल. ज्याच्या श्वासाला मुळींच शिल्लक नाहीं तो पोंचेलच असें कोण सांगेल? त्यांतून कित्येक रोगी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असतात. आणि ज्याला जखम म्हणतां येत नाहीं असाहि एक अपाय आहे: पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत जो व्यायाम व्हावयाचा तो सुयांच्या भरंवशावर राहून जातो, पैसा संपतो, आणि 'एवढें करूनहि बरें वाटत नाहीं' म्हणून रोगी अंथरूण धरतो.

येथें आम्ही आमच्या वर्गाच्या एका दुटप्पीपणाकडे लक्ष वेधूं इच्छितों. अमरावतीपासून चार तासांच्या अंतरांत मेळघाट आहे. तेथें तान्ह्या मुलाचें पोट फुगलें, त्याला धाप लागली, कीं कांहीं घरांतून अद्यापहि तापविलेल्या विळ्यानें त्याच्या पोटावर डाग देतात. त्याला डंबा म्हणतात. ही बातमी वर्तमानपत्रांत आली म्हणजे आमच्या दिवाणखान्यांतून हळहळ आणि संताप व्यक्त होतो, व तो योग्यच आहे. डागण्यानें तान्ह्या जिवाला ज्या यातना होतात त्यांची तुलना स्वच्छ खोलींतल्या बारीक सुईशीं आम्ही करीत नाहीं. आम्ही तुलना करतों ती विचाराच्या पद्धतीची. कोरकू आई म्हणते, आमच्या वाडवडिलांनीं हेंच केलें, शेजारणीच्या पोराला गुण आला, भुमक्यावर आमचा विश्वास आहे. आमचे पदवीधर म्हणतात, दोन हजार वर्षांची विद्या आहे, काकांना गुण आला, डॉक्टर फार नांवाजलेले आहेत. या दोन युक्तिवादांत अंतर कोठें आहे तें आम्हांला कोणी दाखवून द्यावें. त्या आईजवळ दुसरें साधन नाहीं, दवाखाना दूर आहे, रस्ता पावसांत बंद असतो. तिला क्षमा आहे. आम्हांजवळ शाळा, कॉलेज, ग्रंथालय आणि खिशांत सगळें जग आणून ठेवणारा फोन आहे. आम्हीं कशाच्या आधारावर क्षमा मागावी?

आतां एक आक्षेप उरतो, आणि तो आमच्या मतें सर्वांत बळकट आहे. सूचिवेधवाले म्हणतात: तुमच्या मोठ्या इस्पितळांनीं रोग्याला वांचविलें खरें, पण पुढें काय केलें? घरीं सोडतांना जो कागद हातीं दिला त्यावर गोळ्यांचीं नांवें होतीं, आणि खालीं 'विश्रांति घ्यावी' एवढेंच. आम्ही निदान त्याला हात लावतों, अर्धा तास जवळ बसतों, त्याचें ऐकून घेतों. हा आक्षेप खरा आहे. लोक सुयांकडे वळतात याचें कारण त्यांची श्रद्धा हें अर्धेंच. दुसरें अर्धें कारण हें कीं, इस्पितळाच्या दाराबाहेर त्यांना धरणारें कोणी नसतें. ज्याचा स्नायू विश्रांतीनेंच वाळला त्याला पुन्हां विश्रांति लिहून देणें हें सुईइतकेंच अशास्त्रीय आहे.

आणि खरा उपाय अज्ञात आहे असेंहि नाहीं. अमेरिकेंत २००९ सालीं यंत्रावर असलेल्या १०४ रोग्यांवर प्रयोग झाला. अर्ध्यांना भुलीची मात्रा रोज थांबवून, यंत्रावर असतांनाच बसविणें, उभें करणें, चालविणें सुरू केलें. त्यांतले ५९ टक्के लोक इस्पितळांतून निघतांना आपलीं कामें आपण करूं शकत होते. नेहमींच्या रीतीनें ठेवलेल्यांत हेंच प्रमाण ३५ टक्के होतें. २०११ सालीं फ्लोरिडांत, यंत्र सुटतां सुटत नाहीं अशा ६९ रोग्यांपैकीं अर्ध्यांना स्प्रिंग लावलेल्या झडपेच्या नळींतून जोर लावून श्वास घ्यावयास शिकविलें: दिवसाला सहा ते दहा श्वासांच्या चार फेऱ्या, आठवड्यांतून पांच दिवस. दुसऱ्या अर्ध्यांना तशीच दिसणारी, पण जोर न लागणारी नळी दिली. पहिल्या गटांत ७१ टक्के लोकांचें यंत्र सुटलें, दुसऱ्या गटांत ४७ टक्के. नंतरचे सर्वच प्रयोग इतके अनुकूल नाहींत, हें आम्ही जाणतों. पण खोट्या साधनाशीं तुलना करण्याची जी कसोटी सुईला जड गेली, तीच लावून हा निकाल लागला आहे. एक सूचना येथें करून ठेवतों. आपल्याकडे घरोघर आलेलें तीन चेंडूंचें खेळण्यासारखें साधन दीर्घ श्वासाची संवय लावतें, पण स्नायूला जो विरोध पाहिजे तो त्यांत बेतून देतां येत नाहीं. तें निराळें आणि झडपेची नळी निराळी. कोणतें, किती जोरानें आणि केव्हां वापरावें हें जाणत्या फिजिओथेरपिस्टनेंच ठरवावें.

यासाठीं आमचें मागणें दोघांपाशीं आहे. पहिलें रोग्यांच्या कुटुंबांपाशीं. घरीं सोडण्याच्या दिवशीं डॉक्टरांना चार गोष्टी विचारल्याशिवाय जिना उतरूं नये: श्वासाच्या स्नायूंचा जोर मोजला आहे काय, व तो किती, रोज किती चालावें आणि कोणती खूण दिसली कीं थांबावें, श्वासाचा व्यायाम कोण शिकवील, आणि पुन्हां मोजणी केव्हां व्हावयाची. सुया टोचून कोणाची मानदुखी कमी होत असेल, झोंप लागत असेल, तर त्याला आमची हरकत नाहीं. मात्र डॉक्टरांना विचारून, छाती आणि मानेचा बुंधा सोडून, आणि व्यायामाच्या जागीं नव्हे.

दुसरें मागणें अमरावती व अकोला येथील इस्पितळांपाशीं, सरकारी असोत वा खासगी. ज्या दिवशीं अतिदक्षता विभागांतली खाट रिकामी होते त्या दिवशीं तुमचें काम संपत नाहीं. आठवड्यांतून एक दिवस, अशा रोग्यांसाठीं एक खोली, एक फिजिओथेरपिस्ट, दाब मोजण्याचें एक छोटें साधन आणि चालण्यापुरता एक लांब व्हरांडा, एवढ्यानें आरंभ होऊं शकतो. दारव्ह्याचा मजूर किंवा दर्यापूरचा शिक्षक नागपूरपर्यंत जाऊं शकत नाहीं. तो जवळच्या सुईकडे जातो. त्याला जवळ दुसरें कांहीं दिसलें पाहिजे.

शेवटीं आमच्या अमरावतीकरांना एकच आठवण करून देतों. या शहरांत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. त्याच्या मल्लांनीं १९३६ सालीं बर्लिनपर्यंत जाऊन आपले देशी खेळ दाखविले. त्या आखाड्यांत शंभरांहून अधिक वर्षें जी गोष्ट शिकविली जात आहे ती हीच कीं, अंगांत बळ येतें तें मेहनतीनें, रोज थोडी वाढवीत नेल्यानें, आणि जाणत्या वस्तादाच्या नजरेखालीं. जी गोष्ट दंडाच्या स्नायूला लागू आहे ती श्वासपटलालाहि लागू आहे. तीन पिढ्या ज्या गांवाला हें ठाऊक आहे, त्यानें आपल्या घरांतल्या आजाऱ्याच्या बाबतींत तें विसरूं नये, एवढें सांगून हा लेख आम्ही आटोपता घेतों.